खापरीच्या डोंगरावरचा पिवळा बाण

मित्रांनो, खापरीच्या डोंगरावर अर्ध्या चढणीला एक काळा कातळ आहे. दोन म्हशी शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात एवढा रुंद. तिथे वाटेला दोन फाटे फुटतात. त्या कातळावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, हातभर लांबीचा एक पिवळा बाण रंगवलेला आहे. तो मी. धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचं काम क्षणात संपतं. मला पंचवीस वर्षं एका जागी राहून एकच दिशा दाखवायची होती. ती मी न चुकता दाखवली. दुर्दैव असं, की त्यातली शेवटची दीड वर्षं ती दिशाच चुकीची होती.

आमचा डोंगर तुम्हाला ठाऊक नसणार. कल्याणहून दक्षिणेला दिसणाऱ्या मोठ्या शिखरांच्या मागे तो दडलेला आहे. वर किल्ला नाही, देऊळ नाही, पाण्याचं एक कोरीव टाकं आहे तेवढंच. एकदा एक सर कॉलेजची मुलं घेऊन आले होते. ते मुलांना म्हणाले, "हा कातळ एके काळी उकळता रस होता बरं का. एक थर वाहत आला आणि थिजला. मग हजारो वर्षं गेली, त्याच्यावर माती झाली. मग दुसरा थर आला आणि त्या मातीला भाजून तिच्यावर बसला." म्हणूनच आमच्या काळ्या डोंगराला मधोमध विटकरी रंगाचा पट्टा आहे. माझ्या डावीकडे निघणारी आडवी वाट त्या पट्ट्यावरून जाते. पट्टा मऊ आहे, झिजला आहे, म्हणून तर तिथे पाऊल ठेवायला जागा झाली. उजवीकडची वाट डोंगराच्या धारेवरून चढते. ती उभी आहे, कारवीच्या झुडपांतून जाते, दम काढते. पण तिच्याखाली सगळा काळा दगड आहे.

माझा जन्म मात्र डोंगरावरचा नाही. मी ठाण्याच्या कोपरीतला. भगवान नावाचा एक पेंटर तिथे दहा बाय बाराच्या खोलीत राहायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, टेम्पोंच्या मागची अक्षरं, सगळं तो हाताने लिहायचा. मी त्याच्या खाटेखालच्या एका डब्यात होतो. रिक्षा स्टँडची पाटी लिहून उरलेला पिवळा ऑइल पेंट. वर साय धरलेली, खाली रंग ताजा. रमाबाई, म्हणजे त्याची बायको, केर काढताना मला रोज इकडून तिकडे सरकवायची आणि म्हणायची, "अहो, हा डबा एकदाचा संपवा नाहीतर टाकून द्या."

भगवानला आणखी एक वेड होतं. रविवार आला की तो तीन-चार मित्रांना घेऊन डोंगर तुडवायला निघायचा. अशाच एका रविवारी ती मंडळी खापरीच्या डोंगरावर वाट चुकली. कारवीत शिरली, एका घळीत उतरली, आणि पुढे कडा, मागे काटे अशी अडकून बसली. खालच्या चिंचवाड्यातला काळुराम म्हशी शोधत वर आला होता. त्याला त्यांच्या हाका ऐकू आल्या. त्याने एकेकाला हात देऊन वर काढलं आणि मग मनसोक्त शिव्या घातल्या.

भगवान म्हणाला, "वाट दिसली असती तर चुकलो असतो का?"

"वाट हाय," काळुराम म्हणाला. "तुमच्या डोल्यांना दिसत नाय."

ते वाक्य भगवानच्या मनाला लागलं. पुढच्याच रविवारी तो मला पिशवीत घालून चिंचवाड्यात हजर झाला. काळुरामच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही वाट दाखवा, मी ती इतरांना दिसेल अशी करतो." काळुराम आधी हसला. मग त्याने कोयता उचलला. दोघांनी मिळून दिवसभरात गावापासून माथ्यापर्यंत एकतीस बाण काढले. काळुराम जागा सांगायचा, कातळ घासून द्यायचा आणि डबा धरायचा. भगवान रंगवायचा.

मी एकोणिसावा. फाट्यावरचा बाण म्हणून भगवानने मला इतरांपेक्षा मोठा काढला. आधी खडूने आखलं, मग ब्रश एकदाच, न थांबता ओढला. मुळाशी त्याने माशाच्या शेपटीसारखी एक खाच ठेवली. त्याच्या सगळ्या पाट्यांवरच्या बाणांना ती खाच असायची. ती त्याची सहीच होती. माझं टोक डावीकडे, आडव्या वाटेकडे वळलेलं होतं. काळुराम म्हणाला, "ही वाट पोरंसोरंबी चालतील." आणि ते खरंच होतं. मित्रांनो, तेव्हा ते अगदी खरं होतं.

पुढची वर्षं माझ्या सुखाची गेली. फार लोक येत नसत. एखाद्या रविवारी आठ-दहा, एखादा महिना कोणीच नाही. पण जे येत ते माझ्यापाशी थांबत. पाठीवरची पिशवी उतरवत, पाणी पीत, माझ्यावर हात टेकत. "चला, बाण आहे म्हणजे बरोबर चाललोय," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! ते ऐकलं की मला वाटायचं, मी कातळाएवढाच भक्कम आहे.

दर दोन वर्षांनी, पावसाळा सरला की भगवान यायचा. माझ्यावरचं शेवाळ काढायचा आणि नवा हात द्यायचा. काळुराम सोबत असायचाच. दोघं इथेच बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खायचे. भगवान आपल्या मुलीच्या, मेघनाच्या, अभ्यासाचं सांगायचा. काळुराम म्हशींचं सांगायचा. एका वर्षी दोघांनी मिळून सगळ्या डोंगराला फुललेल्या निळ्या कारवीने झाकलेलं पाहिलं.

मग भगवान यायचा थांबला. का, ते मला कळायला बारा वर्षं लागली. गावागावांत छापील फ्लेक्स आले आणि हाताने पाट्या लिहून घेणारं गिऱ्हाईक गेलं. त्याने एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. तिथे रविवारची सुट्टी नव्हती. नंतर उजव्या गुडघ्यानेही दगा दिला.

माझ्यावर शेवाळ चढलं. कोणीतरी माझ्या पोटावर खिळ्याने दोन नावं कोरली. एकाने पान खाऊन थुंकलं. मला वाईट वाटायचं, पण रंग मूळचा चांगला होता. मी फिका झालो, पुसला गेलो नाही. पुसलो असतो तर फार बरं झालं असतं.

दीड वर्षापूर्वीचा तो जुलै महिना होता. सलग पाच दिवस पाऊस कोसळत होता. सहाव्या दिवशी सकाळी डावीकडून एक आवाज आला. डोंगराने दीर्घ श्वास सोडावा तसा. मग दगड घरंगळण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. विटकरी पट्टा पाणी पिऊन पिऊन सुटला होता आणि आडव्या वाटेचा पंधरा-वीस पावलांचा तुकडा घेऊन दरीत गेला होता. माझ्यापासून साठ पावलांवर वाट एका वळणाआड जाते. वळणाच्या पुढेच ती तुटली होती. इथून पाहणाऱ्याला मात्र ती पूर्वीसारखीच रुंद आणि सोपी दिसत होती.

पाऊस ओसरल्यावर काळुराम वर आला. वळणापर्यंत जाऊन परतला. माझ्यासमोर उभा राहिला. एक दगड उचलून त्याने मला घासायला सुरुवात केली. दहा मिनिटं घासलं, रंगाचा एखादा टवका उडाला, तो दमला. मग त्याने बाभळीचे काटेरी फांटे तोडून आडव्या वाटेच्या तोंडावर टाकले आणि निघून गेला.

महिनाभराने चार मुलं आली. काटे पाहून थबकली. एक जण म्हणाला, "अरे, रस्ता बंद आहे काय?" दुसरा म्हणाला, "बंद कसला? बाण बघ ना, इकडेच दाखवतोय. झाड पडलं असेल." त्यांनी काठीने फांटे बाजूला केले.

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली ते मी कोणत्या शब्दांत सांगू? मला तोंड नव्हतं. मला फक्त टोक होतं, आणि ते टोक त्यांना कड्याकडे पाठवत होतं. ती मुलं सुदैवाने वळणावरून ओरडतच परत फिरली. जाताना त्यांनी काटे पुन्हा लावले नाहीत. काळुराम आला, त्याने लावले. पुन्हा कोणी आलं, त्यांनी काढले. असं वर्षभराहून जास्त चाललं. काट्यांपेक्षा लोकांचा माझ्यावर जास्त विश्वास होता.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी डोंबिवलीची संचिता आणि तिचा मित्र नयन आले. संचिता पुढे होती, हसत होती. माझ्यावर थाप मारून म्हणाली, "बघ, बोललेले ना मी, बरोबर आलोय." नयन बुटाची नाडी बांधायला खाली बसला. ती वळणाआड गेली. मग एक किंकाळी आली आणि मागोमाग मातीचा आवाज.

ती पंधरा फूट खाली एका करवंदीच्या जाळीत अडकली. जाळी नसती तर मला हे सांगण्याची हिंमत झाली नसती. नयन धावत गावात गेला. काळुराम आणि गावातली सहा माणसं दोर घेऊन आली. तिला वर काढायला तीन तास लागले. मांडीचं हाड मोडलं होतं. बांबूला चादर बांधून त्यांनी तिला माझ्या समोरून खाली नेलं. ती रडत नव्हती. ओठ घट्ट दाबून माझ्याकडे बघत होती.

नयन पिशव्या उचलायला मागे राहिला होता. माझ्यासमोर येऊन ओरडला, "कोणी काढलाय रे हा? कोणी?" त्याने फोन काढून माझा फोटो घेतला.

पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण जानेवारीत मेघनाने इथेच बसून काळुरामला सगळं सांगितलं, म्हणून मला ते ठाऊक आहे. माझा तो फोटो शेकडो फोनांवर फिरला. खाली लिहिलं होतं, "खापरीवर हा बाण दिसला तर जाऊ नका." मेघना आता ठाण्यात एका लॅबमध्ये कामाला आहे. तिलाही तो फोटो आला. तिने माझ्या मुळाशी असलेली माशाच्या शेपटीची खाच पाहिली आणि घरी जाऊन फोन वडिलांपुढे धरला.

भगवानने फोटो मोठा करून पाहिला. मग विचारलं, "ती मुलगी जगली ना?"

नयनकडून पत्ता मिळवून दुसऱ्याच दिवशी तो डोंबिवलीला संचिताच्या घरी गेला. तिच्या आईने त्याला दारातच उभं केलं. खूप बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं. आतून संचिताच म्हणाली, "मम्मी, त्यांना आत येऊ दे." पायाला प्लॅस्टर, उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "काका, तुम्ही काढला तेव्हा तो बरोबर होता ना?"

"होता," भगवान म्हणाला. "पण आजही तो माझाच आहे."

डिसेंबरात तो एकटाच निघाला. तेराव्या बाणापाशी गुडघा सुजला, काळुराम गावात नव्हता म्हणून त्याच्या नातेवाइकांनी तिथून भगवानला धरून खाली आणलं. घरी रमाबाईने बोलणं टाकलं. मेघना म्हणाली, "पप्पा, मी जाते. मी पुसून येते. तुम्ही फक्त सांगा कुठे आहे." तो ऐकेना. महिनाभर गुडघ्याला शेक दिला, सोसायटीच्या जिन्याने रोज सात मजले चढला-उतरला. आणि जानेवारीतल्या एका शनिवारी, रजा टाकून, मेघनाला बरोबर घेऊन पुन्हा चिंचवाड्यात आला.

ते तिघं माझ्यासमोर पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भगवानला मी आधी ओळखलंच नाही. केस पांढरे, हातात काठी, गुडघ्याला पट्टा. काळुरामही वाकला होता. वाटभर तो भगवानशी एक अक्षर बोलला नसावा, कारण इथे पोहोचल्यावर एकदम फुटला.

"बारा वर्सं! बारा वर्सं तोंड दावला नाय तू. रंग मारून गेलास आनि इसरलास. मी काटं लावतोय, लोकं काढतायत. मना इचारतायत, बाबा, बान हाय ना मंग?"

 मेघना म्हणाली, "काका, मग तुम्हीच का नाही पुसला? चुना फासला असता तरी चाललं असतं."

काळुराम खाली बसला. म्हणाला, "घासला गं दगडानी. निंगना. चुना मनात आलेला. पन दोगांनी मिलून काढलेला ना तो. मना वाटला, काटं टाकलं म्हंजे झाला." मग डोळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "माजाबी चुकलाच."

भगवानने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला ती जागा बघायची आहे," तो म्हणाला. मेघना नको म्हणाली. तो कंबरेला दोर बांधून, दोराचं टोक काळुरामच्या हातात देऊन, वळणापर्यंत गेला आणि शेवटचं थोडं अंतर चक्क रांगत गेला. परत आला तेव्हा तळहात विटकरी झाले होते. चेहरा कसा होता ते सांगवत नाही.

मग त्याने पिशवीतून तारेचा ब्रश काढला. माझ्या टोकावर घासायला लागला. मला दुखलं नाही. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. पण थोड्या वेळाने तो थांबला आणि मागे सरून उभा राहिला.

"काय झालं?" मेघनाने विचारलं. "काळा रंग आणलाय. पुसत नसेल तर वरून मारू."

"तसं नको. इथे काहीच नसेल तर माणूस कुठे जाईल?" त्याने काठीने डावीकडे दाखवलं. "रुंद वाट बघून तिकडेच जाईल. नुसता गप्प बाण काय कामाचा? इथे 'नाही' म्हणणारं कोणीतरी पाहिजे."

त्याने लाल रंगाचा डबा उघडला. जाड ब्रश बुडवला. बऱ्याच वर्षांनी त्याने ब्रश धरला होता. मेघना मनगट धरायला पुढे झाली. तो म्हणाला, "राहू दे. जमेल." आणि त्याने माझ्या शेपटीपासून टोकापर्यंत, सगळ्या अंगावरून एक लाल रेघ तिरकी ओढली. मग दुसरी, उलट तिरकी. माझ्यावर फुली पडली. फुलीखाली त्याने सावकाश, पाटी लिहावी तसं लिहिलं: "वाट तुटली आहे. जाऊ नका." त्याखाली महिना, साल आणि मेघनाचा फोन नंबर.

"रेघ वाकडी आली ना?" त्याने विचारलं.

"आली," मेघना म्हणाली. "पण लांबूनही कळते."

उजवीकडच्या दगडावर नवा बाण मेघनाने काढला. धारेच्या वाटेने माथ्यापर्यंतचे बाकीचेही तिनेच काढले, काळुराम जागा सांगत गेला. भगवानला वर जाता आलं नाही. तो माझ्यापाशी बसून राहिला. ती दोघं परत येईपर्यंत त्याने आडव्या वाटेच्या तोंडाशी दगड रचून कंबरेएवढा बांध घातला. एकट्याने, बसल्या बसल्या, एकेक दगड ओढून. उतरताना तो काळुरामला म्हणाला, "दर पावसाळ्यानंतर येणार. मी नाही आलो तर ही येईल." मेघनाने मान हलवली. काळुराम म्हणाला, "नाय आलाव तर मी कोपरीला येन. घर म्हाईत हाय मना."

मित्रांनो, तुमच्यातही कोणी धाकट्या भावंडांना वाट दाखवत असेल, कोणी पुढे शिक्षक होईल, कोणी नकाशे काढेल. एकच मागणं आहे. दाखवलेली वाट अजून जागेवर आहे का, ते बघायला अधूनमधून परत जा. आणि डोंगरात कुठे कोणी काटे टाकलेले दिसले, तर ते उचलण्याआधी ज्याच्या अंगणातून वर चढलात त्याला विचारा. तुमची दहा मिनिटं जातील. मी संचिताला खाली नेताना पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

पुढच्याच रविवारी टिटवाळ्याची सात जणं आली. सगळ्यांत पुढचा फोनमध्ये बघत होता. म्हणाला, "मॅपवर तर डावीकडेच दाखवतंय यार." मागच्या एका बाईंनी माझ्याखालची अक्षरं मोठ्याने वाचली. कोणीतरी कुरकुरलं, उजवीकडची वाट फार उभी आहे म्हणून. बाईंनी फोन काढून नंबर लावला, दोन मिनिटं बोलल्या, आणि मग बाकीच्यांना म्हणाल्या, "चला. इकडून."

सातही जणं उजवीकडे गेली.